पट्टीवरचं नाव

घरातल्या फळीवरचा एखादा जुना पितळी डबा उतरवून बघा. झाकणाच्या कडेला टिंबाटिंबांनी नाव घातलेलं असतं, खाली तारीख असते, कधी लग्नमुंजीचा उल्लेखही असतो. ते नाव डबा देणाऱ्याचं. घडवणारा तांबट कुठल्या आळीतला होता हे डब्यावर लिहिलेलं नसतं आणि आपण कधी विचारतही नाही. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने गाळ्यागाळ्यांतून चालतात. तिथून निघालेला डबा शहरातल्या एखाद्या दुकानात जातो, दुकानदार गिऱ्हाईकासमोर नाव घालून देतो, आणि चाळीस वर्षांनी तो घरात 'आत्याचा डबा' म्हणून ओळखला जातो. भाईंदरचा गाळा कुणाच्या लक्षात नसतो.

जुनी स्कॉटिश दुनळी बंदूक घ्यायला निघालेल्या माणसाने हा डबा डोळ्यांसमोर ठेवावा.

दुनळीच्या दोन नळ्यांच्या मधून एक लांब पट्टी जाते. नेम धरताना नजर तिच्यावरून सरकते. या पट्टीवर सुबक अक्षरांत नाव आणि गाव कोरलेलं असतं: अमुक आणि कंपनी, इन्व्हर्नेस, किंवा पर्थ, किंवा डंडी. शौकीन माणसाच्या हातात अशी बंदूक पडली की तो आधी हे नाव वाचतो, आणि पुष्कळदा तिथेच गार होतो. "ओरिजिनल स्कॉटलंड आहे, शेठ," दुकानदार म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. पण स्कॉटलंडमध्ये नेमकं काय झालं, हे त्या वाक्यात आलेलं नसतं. नळ्या तिथे घडल्या, की तिथे फक्त नाव घातलं गेलं?

बंदुकीच्या इतिहासात स्कॉटलंडचा वाटा मोठा आहे, आणि त्यातलं एक मोठं पाऊल चक्क एका पाद्र्याने टाकलं. ॲबर्डीनशायरमधल्या बेलहेल्वी गावचे रेव्हरंड अलेक्झांडर फोर्सिथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढला की आधी कानाजवळ ठिणगी आणि भपका, आणि मग क्षणभराने बार. तो भपका दिसला की पक्षी सावध होऊन निसटत. फोर्सिथनी ठोक्यासरशी पेटणारं रसायन वापरून हा भपकाच काढून टाकला आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. दिवाळीत दगडाने टिकल्या फोडणारं पोर त्याच तत्त्वाचा प्रयोग करत असतं, आणि काडतुसाच्या बुडाची टिकलीही त्याच वंशातली. 'काडतूस' हा शब्द मात्र आपल्याकडे स्कॉटलंडहून किंवा इंग्लंडहून आला नाही. तो पोर्तुगीजांचा 'कार्तुशु'. मीरा-भाईंदरच्या हद्दीत घोडबंदरच्या टेकडीवर ज्यांचा किल्ला अजून उभा आहे, त्यांनी तो किनाऱ्यावर उतरवला. 'पिस्तूल' त्याच गलबतातून आलं.

पुढे एडिंबऱ्यात बंदूककारांची एक नामांकित पिढी झाली. अलेक्झांडर हेन्रीने आखलेले नळीतले आटे मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीत गेले, आणि ती रायफल ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारली. जेम्स मॅकनॉटनने १८७९ मध्ये आणि जॉन डिक्सनने १८८०च्या दशकात दुनळीचं यंत्र निराळ्या पद्धतीने बसवलं. एरवी हे यंत्र बंदुकीच्या धातूच्या सांगाड्यात पोकळी कोरून किंवा बाजूच्या पत्र्यांवर बसवतात. या दोघांनी ते खालच्या, चापाच्या पट्टीवर उभं केलं. सांगाडा कमी पोखरावा लागला, त्यामुळे तो मजबूत राहिला आणि कडा घासून गोल करता आल्या. डिक्सनची ही 'राउंड ॲक्शन' हातात धरली तर नदीतला गोटा धरल्यासारखी वाटते. ही मोठी घराणी. त्यांच्या बंदुका ब्रिटनमध्येही सामान्य माणसाच्या आवाक्यातल्या नाहीत.

आपला विषय त्यांच्या खालच्या ओळीतल्या लोकांचा आहे. ही ओळ का निर्माण झाली ते कळलं, तर पुढचं अर्धं काम सोपं होतं.

व्हिक्टोरिया राणीसाठी प्रिन्स अल्बर्टने १८५२ मध्ये बालमोरलची मालमत्ता घेतली आणि स्कॉटलंडच्या डोंगरांत जाणं प्रतिष्ठेचं झालं. १८६३ मध्ये पर्थहून इन्व्हर्नेसला थेट रेल्वे गेली. १२ ऑगस्टला ग्राउस या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम उघडे, आणि लंडनचे धनिक नोकरचाकर, कुत्री, ट्रंका घेऊन उत्तरेच्या गाडीत बसत. माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली आणि मग वर चपलांची, चिक्कीची, मधाची दुकानं फळफळली, हे आपण पाहिलेलं आहे. तिकडे तसंच झालं, फक्त दुकानं बंदुकांची, गळांची आणि मासेमारीच्या काठ्यांची. साहेबाच्या बंदुकीचा घोडा मोडला, काडतुसं संपली, पोराला पहिली बंदूक घ्यायची आहे, पाहुण्याला भाड्याने हवी आहे. हे सगळं पर्थच्या, इन्व्हर्नेसच्या, डंडीच्या दुकानात होई. ग्लासगोचे अलेक्स मार्टिन आणि विल्यम हॉर्टन, ॲबर्डीनचे चार्ल्स प्लेफेअर, पर्थचे क्रॉकार्ट, डंडीचे गाऊ, एडिंबऱ्याचेच पण डिक्सनच्या सावलीत राहिलेले हार्कम, ही त्या काळच्या पाट्यांवरची नावं. आपल्याकडे यातलं एकही नाव कुणाच्या ओठांवर नाही, आणि खरं सांगायचं तर तिकडेही हौशी मंडळींपलीकडे नाही.

अशा दुकानाच्या मागच्या खोलीत एक-दोन कसबी माणसं असत, पण हंगामाची मागणी त्यांच्या हाताने पुरी होणं अशक्य. मग माल येई बर्मिंगहॅमहून. तिथे बंदूक हा एका माणसाचा धंदा नव्हताच. नळ्या करणारा वेगळा, यंत्र करणारा वेगळा, लाकूड बसवणारा वेगळा, वेलबुट्टी कोरणारा वेगळा. सगळे एकाच मोहल्ल्यात, आणि पोरगं हातगाडीवरून अर्धवट बंदूक या दारातून त्या दारात नेई. १८७५ मध्ये तिथल्याच वेस्टली रिचर्ड्स या कंपनीच्या ॲन्सन आणि डीली या दोघांनी 'बॉक्सलॉक' नावाची सुटसुटीत रचना काढली. भाग थोडे, बिघाड कमी, किंमत बेताची. पेटंटची मुदत संपल्यावर सगळ्या बर्मिंगहॅमने ती उचलली. वेबली अँड स्कॉटसारख्या कारखान्यांनी देशभरच्या दुकानदारांना अशा बंदुका पुरवल्या. पट्टी कोरी ठेवायची, दुकानदार सांगेल ते नाव घालायचं. स्टीलच्या डब्याची गोष्ट ती हीच.

हे मुंबईलाही घडलं आहे. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग उभी आहे. आर्मी अँड नेव्ही या लंडनच्या सहकारी भांडाराची मुंबई शाखा १८९१ ची. तिथे साहेबांसाठी टोप्या, तंबू, जॅम आणि बंदुका मिळत. बंदुकीच्या पट्टीवर भांडाराचं नाव असे, पण भांडाराचा बंदुकीचा कारखाना नव्हता. माल वेबलीसारख्या घडवणाऱ्यांकडून यायचा. तेव्हा आर्मी अँड नेव्हीची दुनळी म्हणजे मुंबईची बंदूक असं जो म्हणत नाही, त्याने इन्व्हर्नेसची दुनळी म्हणजे इन्व्हर्नेसचीच असंही पटकन म्हणू नये.

यात फसवणूक आहे का? मला तसं वाटत नाही. पर्थचा दुकानदार आपलं नाव घालत होता म्हणजे आपली पत गहाण ठेवत होता. बंदूक फुसकी निघाली तर साहेब पुढच्या ऑगस्टला त्याच्याच दारात उभा राहणार होता. म्हणून तो बर्मिंगहॅमहून आलेला माल पारखून घेई, गिऱ्हाईकाच्या खांद्याला बसेल असा दस्ता वाकवून किंवा कापून देई, छर्रे कसे पसरतात ते कागदावर बार काढून बघे. चांगल्या दुकानाचं नाव ही चांगल्या पारखीची खूण होती. तिला घडणावळीची खूण समजणं ही चूक, आणि ती आपली.

मग घडणावळ कुठे वाचायची? बंदुकीच्या पोटाखाली.

पुढचं लाकूड काढा, नळ्या सांगाड्यापासून सोडवा आणि उलट्या करा. बुडाकडे दोन सपाट भाग दिसतील. तिथे बारीक, वाकडेतिकडे, घाईने मारलेले ठसे असतात. वरच्या वेलबुट्टीत जेवढं सौंदर्य, तेवढंच या ठशांत रूक्षपण. सातबारा उतारा आणि लग्नपत्रिका यांच्यात असतं तेवढं अंतर. पण व्यवहार उताऱ्यावर होतो.

ब्रिटनमध्ये विकायची प्रत्येक नळी सरकारमान्य 'प्रूफ हाऊस'मध्ये जास्तीचा दारूगोळा भरून उडवून बघतात. टिकली तर ठसा. अशी दोनच ठिकाणं: लंडन, जिथल्या बंदूककारांच्या गिल्डला १६३७ मध्ये सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅम, जिथलं प्रूफ हाऊस १८१३ चं. स्कॉटलंडमध्ये प्रूफ हाऊस नव्हतंच. म्हणजे कितीही अस्सल स्कॉटिश नळी असली तरी तिच्या पोटावर इंग्लंडचाच ठसा असणार. 'स्कॉटलंडचा प्रूफ मार्क आहे' असं कुणी सांगितलं, तर तिथूनच उठून चहा प्यायला जावं. एडिंबऱ्याचे मातब्बर बरेचदा लंडनला नळ्या पाठवत. छोट्या गावच्या दुकानाच्या बंदुकीवर बर्मिंगहॅमचा ठसा दिसला तर तो पुरावा ठरत नाही, पण बंदूक कुठून आली असेल याचा वास त्यातून येतो.

ठशांवरून वयही कळतं. बर्मिंगहॅमचे १९०४ पूर्वीचे ठसे म्हणजे मुकुटाखाली आडवेतिडवे राजदंड. त्यानंतर मुकुटाखाली अक्षरं आली. 'नॉट फॉर बॉल' असे शब्द दिसले तर नळी १८७५ ते १८८७ या काळातली: पुढे चिंचोळ्या केलेल्या नळीतून गोळी मारू नका, एवढाच त्याचा अर्थ. 'नायट्रो प्रूफ' हे शब्द १८९६ च्या नियमांनंतर दिसू लागले, आणि खरेदीदाराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे तेच. त्याआधीच्या नळ्या काळ्या दारूसाठी पारखलेल्या होत्या. काळी दारू ढकलते. नवी, धूर न करणारी दारू हिसका देते. काळ्या दारूच्या ठशाची नळी नव्या काडतुसाने उडवणं म्हणजे बैलगाडीच्या चाकांवर ट्रक चालवणं. १९२१ पासून बर्मिंगहॅमने वर्षासाठी गुप्त अक्षर मारायला सुरुवात केली, त्यामुळे पुढच्या बंदुकांचं वय नेमकं सांगता येतं. आणि लंबगोलात 'ई-एल-जी' ही अक्षरं दिसली, तर पट्टीवर एडिंबऱ्याचा नकाशा कोरलेला असला तरी नळ्या बेल्जियममधल्या लिएजच्या. तिथल्या स्वस्त मालावर इंग्लिश वाटणारी नावं घालण्याचा मोठा उद्योग चालायचा.

नळ्यांवर लाटालाटांची नक्षी दिसली की लोक हरखतात. ही 'दमास्कस' नळी: लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एका दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून सांधलेली. दख्खनच्या मुशीतल्या पोलादापासून होणाऱ्या दमास्कस तलवारींशी तिचं फक्त नाव जुळतं, कृती नाही. सुंदर असते, पण जिथे जिथे सांधा आहे तिथे तिथे गंज शिरू शकतो, आणि आपल्या किनाऱ्यावर गंजाला आमंत्रण लागत नाही.

पोटाखालचे ठसे वाचून झाले की कान वापरायचा. नळ्या सुट्या करून खालच्या आकड्यात बोट घालून लटकवा आणि नखाने किंवा लाकडाच्या तुकड्याने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला तर ठीक. खोकल्यासारखा 'ठक्' आला तर पट्टीचं डाख कुठेतरी सुटलं आहे. मडकं घेताना आजी करायची तेच. हे डाख कथलाचं, मऊ. म्हणूनच जुन्या दुनळीला उकळत्या रसायनात बुडवून काळंभोर करणारा कारागीर हा तिचा शत्रू. त्या द्रावणाने पट्टीखालचं डाख खाल्लं जातं. जुन्या नळीचा रंग खरं तर तपकिरी झाक असलेला असतो. ती शंभर वर्षांची असून काचेसारखी निळीकाळी चमकत असेल, तर कुणीतरी तिला 'नवी' केली आहे आणि विकायच्या आधीच केली आहे.

मग डोळा. नळीतून दिव्याकडे बघा. छायेच्या कड्या वेड्यावाकड्या दिसल्या तर पोचा आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाची खड्डी. ती कुणी घासून काढली असेल तर नळी आतून आरशासारखी दिसते आणि भिंत पातळ झालेली असते. इथे 'थाऊ' कामाला येतो. लेथवर काम करणाऱ्याला हा शब्द समजावून सांगायला नको: इंचाचा हजारावा भाग. नळीच्या भिंतीची जाडी सर्वात पातळ जागी २० थाऊच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उतरली की जाणकार मान हलवतात. आतला व्यास ठशातल्या मापापेक्षा साधारण १० थाऊने वाढला तर जुन्या नियमांनुसार ती प्रूफबाहेर गेलीच. हे मोजायला खास गेज लागतो. तो ज्याच्याकडे नाही, त्या विक्रेत्याच्या 'एकदम कडक आहे' या शब्दांना वजन नाही.

नळ्या परत जोडा, पुढचं लाकूड बाजूला ठेवा आणि हलवून बघा. खुळखुळ नको. नळ्यांचं बूड आणि सांगाड्याची भिंत यांच्या फटीतून उजेड दिसता कामा नये. पेचांच्या खाचा बघा: चांगल्या बंदुकीतल्या बारीक खाचा नळीच्या दिशेने एका रेषेत असतात, आणि अडाणी हाताने साधा पेचकस चालवला की त्यांचे ओठ फाटतात. फाटलेले ओठ म्हणजे आत कुणीतरी ढवळाढवळ केली आहे. दस्ता जिथे सांगाड्याला टेकतो तिथे केसासारखी चीर शोधा. दस्त्याची लांबीही बघा. अनेक बंदुका इथल्या मालकांच्या खांद्याला लांब पडल्या म्हणून कापल्या गेल्या. नंबर तीन ठिकाणी जुळला पाहिजे: नळ्या, सांगाडा, पुढचं लाकूड.

एका गोष्टीवर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण तिच्यात बोटं जातात. 'बारा बोअर' म्हणजे नळीत नेमके बसणारे शिशाचे गोळे एका पौंडात बारा येतात. व्यास साडेअठरा मिलिमीटर. पण बारा बोअर म्हटलं की सगळी काडतुसं सारखी झाली असं नाही. जुन्या ब्रिटिश दुनळींचं काडतुसाचं घर अडीच इंची, म्हणजे ढोबळमानाने ६५ मिलिमीटरचं असतं. आज सहज मिळणारं काडतूस ७० मिलिमीटरचं. खडकीची १८६९ पासूनची अम्युनिशन फॅक्टरीही ते बनवते. आता गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या घरात बसतं. अगदी सहज बसतं, दार मिटतं, काही अडत नाही. कारण काडतुसाची लांबी ते उडल्यानंतरची मोजतात. न उडालेलं काडतूस तोंडाशी दुमडलेलं, म्हणून आखूड असतं. बार उडाला की ती दुमड उलगडते आणि घराच्या पुढच्या निमुळत्या गळ्यात जाऊन बसते. गळा आवळला, छर्र्यांना वाट अरुंद झाली, दाब चढला. पहिल्या बाराला काही होणार नाही, कदाचित पन्नासाव्यालाही नाही. म्हणून ठशांत अडीच इंचाचं माप आहे का ते बघा, १९५४ नंतरच्या ठशांत दर चौरस इंचाला किती टन दाब लिहिला आहे तेही बघा. तीन टन ही अडीच इंची घराची नेहमीची खूण. घर मोजून ते ठशापेक्षा लांब निघालं, तर कुणीतरी गाळ्यात नेऊन ते वाढवलं आहे. असं काम परवानाधारक बंदूक कारागिराशिवाय कुणी करायचं नाही, आणि केल्यावर जुन्या ठशाचा आधार उरत नाही.

इथवर बंदूक बघितली. पण मीरा रोडच्या माणसाने सुरुवात इथून करायचीच नसते. आधी परवाना, मग बंदूक. १९५९ च्या शस्त्र कायद्यात हे तिसऱ्याच कलमात आहे. बारा बोअरची दुनळी प्रतिबंधित वर्गात मोडत नाही, तरी परवाना लागतोच. 'शंभर वर्षं जुनी, अँटिक आहे, परवाना नको' हे वाक्य या बाजारात फार ऐकू येतं. पंचेचाळिसाव्या कलमातली सूट दुरुस्त करूनही उडवता येणार नाही अशा जुन्या किंवा मोडक्या हत्याराला आहे. १९१० ची दुनळी, जिच्यात आजचं काडतूस जातं आणि उडतं, ती कायद्याला कालच्या बंदुकीइतकीच बंदूक.

अर्ज कुणाकडे, हे इथे थोडं गमतीचं आहे. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, पूर्वी ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. परवान्यावर सही जिल्हाधिकाऱ्यांची, जिल्हा दंडाधिकारी म्हणून. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार असं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं. खाडीच्या अलीकडचा ठाणे जिल्हा आणि पलीकडचा पालघर, दोन्ही एका आयुक्तांखाली. आता परवाना देणारे आयुक्त. त्यामुळे उत्तन-काशीमिऱ्याच्या एखाद्या घरातले जुने कागद ठाण्याच्या शिक्क्याचे असतात आणि पुढची नोंद आयुक्तालयाची. विकणाऱ्याच्या परवान्यावर राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन क्रमांक आहे का, मुदत संपलेली नाही ना, हे नळीच्या टिचकीइतकंच महत्त्वाचं.

खाजगी माणूस दुसऱ्या परवानाधारकाला बंदूक विकत असेल तर आधी दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा, आणि किमान ४५ दिवस थांबायचं. प्रत्यक्षात अशा बहुतेक बंदुका येतात त्या विक्रेत्याच्या कपाटातून. मालक वारला, वारसांनी अजून परवाना काढलेला नाही, तेव्हा बंदूक घरात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी वारसांची वाट थोडी रुंद केली: मालक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, तर हयातीतच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. पण मुलगा नाशिकला, मुलगी टोरांटोला, आणि सुनेला घरात बंदूक नको; मग ती विकायला निघते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, तेव्हाही तिसरी, कमी लाडकी बंदूक जमा करावी लागली. ती कमी लाडकी बहुतेक वेळा अशीच अनोळखी नावाची असणार.

विचित्र गोष्ट अशी की ही कमी लाडकी इथे महाग असते. ब्रिटनमध्ये छोट्या गावच्या दुकानाच्या नावाची, इजेक्टर (रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकणारी यंत्रणा) नसलेली जुनी बॉक्सलॉक काहीशे पौंडांत मिळते. तिकडे लोकांना हलकी, नवी इटालियन बंदूक हवी असते. इथे १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी आयात जवळजवळ बंद, नामांकित नेमबाज वगळता. जेवढ्या विलायती बंदुका तेव्हा देशात होत्या, त्याच फिरत राहतात. म्हणून दर बंदुकीच्या गुणाचा नसतो, दुर्मीळपणाचा असतो. डिक्सनच्या भावात अनोळखी नाव घेऊ नका, एवढं सांगून हा मुद्दा सोडतो. आणि शिकारीसाठी घेत असाल तर घेऊच नका: १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ ला झालेल्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपले. कोकणातल्या शेतकऱ्याचा शेतीसंरक्षणाचा परवाना हा निराळा विषय. शहरातल्या माणसाला उरते ती रेंजवरची मातीची तबकडी.

ज्यांना खोलात शिरायचं आहे त्यांच्यासाठी एक वाट आहे. स्कॉटलंडची अनेक जुनी घराणी हळूहळू एकमेकांत विलीन होत डिक्सनच्या छत्राखाली गेली, आणि हेन्री, मार्टिन, हार्कम यांच्यासारख्यांच्या जुन्या वह्यांपैकी काही तिथे पोचल्या. नंबर कळवून, फी भरून, बंदूक कुठल्या वर्षी कुणाला विकली गेली ते समजू शकतं. नाव वहीत नसेल तर ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉयडनी केलेली ब्रिटिश बंदूककारांची सूची चाळावी. हे तेच गृहस्थ, ज्यांनी १९५६ मध्ये इयान फ्लेमिंगला पत्र लिहून कळवलं की तुमच्या जेम्स बॉन्डचं पिस्तूल बायकांच्या पर्सला शोभेल असं आहे. फ्लेमिंगने पिस्तूल बदललं आणि नव्या पुस्तकातल्या शस्त्रतज्ज्ञाला बूथरॉयड हेच नाव दिलं.

घेतल्यावर तिला चामड्याच्या मूळ पेटीत ठेवायचा मोह होतो. आपल्याकडे पावसाळ्यात ते चामडं ओल धरतं आणि बुरशी बंदुकीला देतं. उत्तनच्या किनाऱ्यावर, जिथे खारा वारा लोखंडी गजसुद्धा खातो, तिथे तर पेटी शोभेलाच ठेवावी. बंदूक तेल लावून, कोरड्या कपाटात, कुलुपात. जुन्या काडतुसांच्या टिकलीतले क्षार तेलाने निघत नाहीत, पाण्याने निघतात. रेंजवरून आल्यावर सुट्या केलेल्या नळ्यांतून गरम पाणी सोडायचं, लगेच पुसून कोरड्या करायच्या, मग तेल.

आणि शेवटी बंदूक घेऊन परवान्यावर नोंद करायला जायचं. जुन्या परवान्यांवर अशा बंदुकीचं वर्णन बहुधा एका ओळीत उरकलेलं आढळतं: डी.बी.बी.एल. (मागून भरायची दुनळी), १२ बोअर, पुढे नंबर. लिहिणाऱ्याला इन्व्हर्नेसशी देणंघेणं नसतं. तो बंदूक उलटी करतो, पोटावरचा नंबर वाचतो, कागदावरच्या नंबराशी ताडून बघतो. पट्टीवरचं नाव तो वाचतही नाही.